मोठा बगळा: ओळखायचा कसा आणि बघायचा कसा

पक्षी बघायला नुकतीच सुरुवात केलेल्या माणसाला मी आधी मोठा बगळा घ्या म्हणून सांगतो. आकाराने दांडगा, पांढराशुभ्र, लांबून दिसतो, एका जागी बराच वेळ उभा राहतो आणि अंटार्क्टिका सोडलं तर प्रत्येक खंडावर कुठं ना कुठं सापडतोच, त्यामुळे जवळपास उथळ पाणी असेल तर तो दिसायचा चांगला चान्स असतो. अडचण अशी की लोक 'बगळाच तर आहे' म्हणून एका नजरेत त्याला निकालात काढतात आणि पुढच्या पक्ष्याकडे वळतात. माझं म्हणणं एवढंच की नव्या माणसाने भराभर नावं टिपत फिरण्यापेक्षा एका मोठ्या बगळ्यापाशी तासभर बसावं, कारण ओळखीच्या खुणा, शिकार, पिसांची निगा, घरटं, पिल्लांची मारामारी, माणसाने त्याच्या पिसांपायी केलेली कत्तल, सगळं या एकाच पक्ष्याच्या निमित्ताने समजतं.

आधी जागा, वेळ आणि सामान

तळ्याचा उथळ काठ, दलदल, नदीचं संथ वळण, खाडीचा चिखल, कांदळवन, पाणी भरलेली शेतं, कालवा, यातलं काहीही चालतं. पाणी अगदी घोट्याएवढंच हवं असं नाही, याचे पाय लांब असतात त्यामुळे लहान बगळा जिथं जाऊ शकत नाही तिथं हा आरामात उभा असतो, म्हणून फक्त काठ बघू नका, आत थोड्या खोल पाण्यातही नजर टाका. कोरड्या गवतात उभा दिसला तरी गोंधळून जाऊ नका, तिथं तो उंदीर, सरडे, नाकतोडे असलं काहीतरी शोधत असतो.

वेळ सकाळची किंवा उन्हं उतरताना. सूर्य पाठीमागे राहील अशी जागा पकडा. सूर्य तुमच्या समोर, पक्ष्याच्या मागे असला तर नुसती काळपट आकृती दिसते आणि मग चोचीचा रंग, डोळ्याजवळची कातडी हे काहीच कळत नाही, आणि पुढं सांगितलेल्या सगळ्या खुणा त्याच रंगांवर आणि रेषांवर अवलंबून आहेत.

८x४२ चा (आठपट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं) साधा बायनॉक्युलर पुरतो. फोटो काढणार असाल तर एक गोष्ट आधीच करून ठेवा, एक्स्पोजर थोडं मायनसमध्ये न्या. मागे काळपट पाणी किंवा झाडी असली की कॅमेरा उजेड जास्त घेतो आणि पांढरी पिसं जळून जातात, नुसता एक पांढरा डाग उरतो. फोटो जरा अंधारा आला तर नंतर सुधारता येतो, जळालेलं पीस परत येत नाही. कपडे मळकट रंगाचे घाला, आणि बसायला काहीतरी न्या, उभं राहून तासभर कुणी थांबत नाही.

हा मोठा बगळाच आहे हे कसं ठरवायचं

नवीन लोक सगळ्यात आधी आकाराकडे बघतात आणि तिथंच फसतात. आकडे चांगले भरभक्कम आहेत, उंची साधारण ८० सेंटिमीटर ते १ मीटरच्या थोडी वर, पंख पसरले की दीड मीटरच्या आसपास, आणि वजन मात्र जेमतेम एक किलोच्या आगेमागे. पण शेजारी तुलनेला दुसरा पक्षी नसेल तर एकट्या पांढऱ्या बगळ्याची उंची कुणालाच नीट सांगता येत नाही. त्यामुळे आकार हा पहिला अंदाज समजा, शेवटचा निकाल नाही.

निकाल लावायचा तो तोंडाच्या रेघेवर. वरची आणि खालची चोच जिथं मिळते तिथून एक बारीक काळपट रेघ मागे डोळ्याकडे जाते. मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्या खालून जाऊन डोळ्याच्याही मागे पोचते. मध्यम बगळ्यात ती डोळ्याखालीच थांबते. ही खूण ऋतू बदलला, चोचीचा रंग बदलला तरी बदलत नाही, म्हणून माझा सगळ्यात जास्त भरवसा हिच्यावर. बायनॉक्युलरने आधी डोळ्यावर फोकस करा, मग त्याच्या खालची रेघ पकडा आणि ती कुठं संपते ते बघा. पक्षी आडवा उभा असेल तेव्हाच हे दिसतं, तो तुमच्याकडे तोंड करून उभा असेल तर वळायची वाट बघा.

दुसरी खूण मान. मोठ्या बगळ्याची मान अंगापेक्षा चांगलीच लांब असते आणि मध्येच एका ठिकाणी ती मोडल्यासारखी वाकलेली दिसते, जणू आत कोपर आहे. बगळ्यांच्या मानेतला सहावा मणका इतरांपेक्षा लांब असतो आणि त्याच्यामुळे मानेला इंग्रजी एस अक्षरासारखा आकार येतो. मध्यम बगळ्यातही वाक असतो पण तो जरा गोलसर, मान तुलनेने आखूड, डोकं गोल आणि चोचही आखूड. मोठ्या बगळ्याचं डोकं चपटं, कपाळ आणि चोच जवळपास एकाच उतारात आलेली.

लहान बगळा ओळखायला सोपा. त्याची चोच वर्षभर काळी, पाय काळे आणि पंजे पिवळे. मोठ्या बगळ्याचे पंजे काळे. पाण्यात उभा असेल तर पंजे दिसत नाहीत, पण पाऊल उचललं की लगेच कळतं, आणि उडताना तर एकदम स्पष्ट. गायबगळा त्याहून बुटका, मान आखूड, हनुवटीखाली पिसं फुगलेली, गुरांच्या पायात फिरणारा, आणि विणीच्या काळात डोक्या-छातीवर नारिंगी-पिवळसर. फ्लोरिडाच्या दक्षिण भागात एक वेगळाच घोळ होतो, तिथं ग्रेट ब्ल्यू हेरॉन या अमेरिकेतल्या थोराड निळसर-राखी बगळ्याचा पूर्ण पांढरा प्रकार मिळतो जो मोठ्या बगळ्याहूनही मोठा असतो, त्याचे पाय काळे नसून फिकट असतात, तेवढं बघितलं की झालं.

आता चोचीच्या रंगाबद्दल नीट समजून घ्या कारण इथं सगळ्यात जास्त वाद होतात. विणीचा काळ नसताना चोच पिवळी. वीण आली की आशिया, युरोप, ऑस्ट्रेलियाकडच्या पक्ष्यांची चोच काळी होत जाते, मधल्या काळात ती अर्धी काळी अर्धी पिवळी असते, आणि पायाचा वरचा भाग लालसर होतो. अमेरिकेतल्या पक्ष्यांची चोच मात्र विणीतही पिवळी-नारिंगीच राहते, फक्त वरच्या बाजूला गडद झाक येते. म्हणून अमेरिकेत छापलेलं पुस्तक हातात घेऊन आशियातला पक्षी ओळखायला गेलात, किंवा उलट, तर चोच जुळणारच नाही. या बगळ्याच्या चार उपजाती मानतात आणि असे फरक त्यांच्यातच येतात. डोळा आणि चोच यांच्यामधली उघडी कातडी मात्र विणीच्या सुरुवातीला जगभर सगळीकडे हिरवी होते, इतकी तकतकीत हिरवी की पहिल्यांदा बघताना रंगवलेली वाटते. हा रंग थोडेच दिवस टिकतो, अंडी घातली की उतरायला लागतो, त्यामुळे दिसला तर तारीख लिहून ठेवा.

एक मजेशीर माहिती, लिनियस या शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये याला आर्डिया अल्बा हे शास्त्रीय नाव दिलं, मधल्या काळात शास्त्रज्ञांनी याला लहान बगळ्याच्या गटात नेऊन बसवलं, आता पुन्हा आर्डिया गटात आणलंय. म्हणजे रंगाने हा लहान बगळ्यासारखा दिसत असला तरी नात्याने राखी बगळ्याच्या जवळचा आहे, आणि एकदा राखी बगळ्याशेजारी उभा बघितला की ते पटतं, उभं राहायची ढब सारखीच.

आता बसा आणि शिकार बघा

ओळख पटली की बहुतेक लोक उठतात. उठू नका, खरं बघणं आता सुरू होतं.

मोठा बगळा घाई करत नाही. लहान बगळा पाण्यात धावतो, पायाने चिखल ढवळतो, पंख उघडतो, उड्या मारतो. हा तसलं फारसं करत नाही, एकतर पुतळ्यासारखा थांबतो नाहीतर एकेक पाऊल इतकं सावकाश टाकतो की पाण्यावर तरंगही उठत नाही. पाऊल पाण्यातून वर काढताना बोटं मिटलेली असतात आणि खाली ठेवताना उघडतात, हे बायनॉक्युलरमधून छान दिसतं. मग मान पुढं तिरकी होते, कधी डोकं एका बाजूला कलतं, कधी मान डावी-उजवी हळू झुलते आणि अंग मात्र जागच्या जागी स्थिर. मान झुलायला लागली की श्वास रोखा, बहुतेक वेळा त्यानंतर लगेच चोच मारली जाते.

त्याचे डोळे असे बसवलेले असतात की डोकं न वाकवता चोचीच्या खालचं दोन्ही डोळ्यांनी बघता येतं. पाण्यातली वस्तू वरून बघताना असते त्या जागी दिसत नाही, प्रकाश वाकतो, म्हणजे मासा दिसतो तिथं चोच मारली तर ती चुकणारच, पण बगळ्यांना हा फरक धरून चोच मारता येते. दबलेली मान सुटते ती एवढ्या वेगाने की मधलं काही डोळ्याला दिसत नाही, आधी मासा नव्हता आणि आता चोचीत आहे एवढंच कळतं.

त्यानंतरचं मिनिटभर अजिबात नजर हलवू नका. मासा बहुतेकदा चोचीत आडवा धरलेला असतो. मोठा असेल तर बगळा काठाकडे येतो, त्याला दाबतो, झटकतो, कधी खाली टाकून परत उचलतो, पाण्यात बुडवून घेतो. मग चोच थोडी उघडझाप करत मासा फिरवतो, डोकं आतल्या बाजूला येईपर्यंत. शेपटीकडून गिळला तर पर आणि काटे घशात उभे राहतील, म्हणून डोक्याकडून. एकदा जुळलं की चोच वर, आणि त्या लांब बारीक मानेतून एक गोळा खाली सरकत जाताना स्पष्ट दिसतो, वाकाच्या जागी जरा अडकतो आणि पुढं जातो. मग बरेचदा चोच पाण्यात बुडवून धुतल्यासारखी करतो. मासे, बेडूक, कोळंबी, खेकडे, पाणकिडे, कधी साप, उंदीर, एखादं लहान पिल्लूसुद्धा, जे गिळता येईल ते त्याचं अन्न.

एकटा चरणारा असेल तर आपल्या जागेत दुसऱ्याला येऊ देत नाही, मान उंच करून, पिसं फुगवून, घोगऱ्या आवाजात खेकसून हाकलतो. आवाज ऐकून नवीन लोक दचकतात, एवढ्या नाजूक दिसणाऱ्या पक्ष्याचा आवाज इतका भसाडा. पण तळं आटत आलं आणि मासे एका डबक्यात कोंडले की हद्द वगैरे सगळं बाजूला पडतं, तिथं मोठे बगळे, लहान बगळे, पाणकावळे, चमच्यासारख्या चोचीचे चमचे पक्षी सगळे गर्दी करतात आणि एकमेकांच्या चोचीतलं पळवतातही. चारही पांढरे बगळे शेजारी शेजारी बघायचे असतील तर अशीच आटत आलेली जागा शोधा, ओळखीचा सराव तिथं होतो तसा कुठंच होत नाही.

पोट भरल्यावर पिसांची साफसफाई चालते तीही बघण्यासारखी. बगळ्यांच्या अंगावर काही ठिकाणी अशी पिसं असतात जी सतत वाढत राहतात आणि टोकाला झिजून त्यांची पूड होते. ही पूड माशांचा चिकटपणा शोषून घेते. शिवाय पायाच्या मधल्या बोटाच्या नखाला कंगव्यासारखे दाते असतात, त्याने पूड आणि घाण खाजवून काढतात. चिखलात दिवस काढून हा पक्षी इतका स्वच्छ कसा राहतो, तर असा.

उडाला तरी लगेच नजर काढू नका. मान मागे घेऊन खांद्यात दुमडतो, पाय मागे लांब बाहेर राहतात, पंखांचे ठोके सावकाश, सेकंदाला साधारण दोन. बलाक, चमचे, क्रौंच हे सगळे मान सरळ लांब करून उडतात, त्यामुळे लांबवर पांढरा मोठा पक्षी उडताना दिसला तर आधी मान बघायची.

विणीचा काळ आणि ती पिसं

समशीतोष्ण प्रदेशात वीण वसंतात सुरू होते, मान्सूनच्या प्रदेशात बहुतेक ठिकाणी पावसाच्या पाण्याबरोबर. या काळात पाठीवरून लांब, मोकळ्या धाग्यांची पिसं निघतात आणि शेपटीच्याही पुढं लोंबतात. साध्या पिसात धागे एकमेकांत अडकलेले असतात, यांच्यात ते अडकत नाहीत म्हणून वाऱ्यावर धुक्यासारखी हलतात. नर-मादी दोघांनाही येतात. लहान बगळ्याला डोक्यामागे दोन लांब पिसं येतात, मोठ्याला डोक्यावर तसा तुरा नसतो, हीपण एक खूण.

याच पिसांपायी हा पक्षी संपत आला होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेत बायकांच्या टोप्यांवर ही पिसं लावायची फॅशन आली. पिसं फक्त विणीच्या काळात येतात, त्यामुळे शिकारी घरट्यांवरच जायचे, मोठे पक्षी मारले की पिल्लं उपाशी मरायची, म्हणजे एका टोपीमागे दोन पिढ्या जायच्या. बोस्टनमध्ये १८९६ साली हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल या दोघींनी ओळखीच्या बायकांना पिसांच्या टोप्या सोडायला लावत मॅसॅच्युसेट्स ऑडुबॉन सोसायटी ही पक्षी वाचवणारी संस्था उभी केली. फ्लोरिडात बगळ्यांच्या वसाहती राखणारा वॉर्डन गाय ब्रॅडली १९०५ साली पिसं चोरणाऱ्यांच्या गोळीने मेला. १९१८ चा अमेरिकेतला स्थलांतरित पक्षी कायदा, १९२१ चा ब्रिटनचा पिसांच्या आयातीवर बंदीचा कायदा, हे सगळं या लढ्यातून आलं. पक्षी परत वाढले. अमेरिकेतल्या नॅशनल ऑडुबॉन सोसायटीचं चिन्ह आजही उडता मोठा बगळा आहे आणि ब्रिटनमध्ये तर २०१२ साली सॉमरसेटच्या पाणथळीत त्यांनी पहिल्यांदा यशस्वी वीण केली. न्यूझीलंडमध्ये मात्र याची वीण फक्त ओकारिटोजवळ एकाच ठिकाणी होते, आणि तिथल्या दोन डॉलरच्या नाण्यावर हाच पक्षी आहे. ती पाठीवरची पिसं वाऱ्यावर हलताना बघाल तेव्हा हे सगळं आठवा, मला तरी दर वेळी आठवतं.

घरट्याची जागा नर ठरवतो. थोड्या काटक्या रचतो आणि त्यावर उभा राहून चोच सरळ आभाळाकडे करून मान ताणतो, मग पाय वाकवून खाली बसतो, पिसं पंख्यासारखी उघडतो, फांदी चोचीत धरून हलवतो. मादी आली की पुढचं घरटं दोघं मिळून. बहुतेकदा झाडाच्या शेंड्याकडे, पाण्यावर किंवा पाण्याजवळ, पण ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सीमेवरच्या नॉयझीडल तळ्यासारख्या ठिकाणी बोरूच्या बेटातही. अंडी ३ ते ५, फिकट निळसर हिरवी, दोघंही उबवतात, साधारण २३ ते २६ दिवस.

पहिलं अंडं घातल्यावर लगेचच उबवायला बसतात त्यामुळे पिल्लंही एकामागून एक बाहेर येतात, थोरलं चांगलं वाढलेलं आणि धाकटं एवढंसं. थोरली धाकट्याला टोचून टोचून बाजूला सारतात, कधी मारूनही टाकतात. बघायला त्रास होतो पण यात मधे पडायचं नाही. डग्लस मॉक या शास्त्रज्ञाने टेक्सासच्या किनाऱ्यावर याचा अभ्यास केला. मोठा बगळा पिल्लांना लहान लहान मासे ओकून देतो, ते पिल्लू आईबापाच्या चोचीतूनच थेट ओढून घेऊ शकतं, म्हणजे जो दांडगा त्याला सगळं. ग्रेट ब्ल्यू हेरॉनचे मासे मोठे, ते घरट्यात पडतात आणि सगळे त्यातून खातात, तिथं भांडून फायदा नाही. मॉकने हेरॉनची पिल्लं मोठ्या बगळ्यांच्या घरट्यात वाढू दिली तर तीही एकमेकांना मारायला लागली. बगळ्याची पिल्लं हेरॉनच्या घरट्यात ठेवली तरी ती मात्र भांडतच राहिली.

तीनेक आठवड्यांची झाली की पिल्लं फांद्यांवर चढायला लागतात, सहा-सात आठवड्यांत उडतात.

वसाहतीजवळ कसं वागायचं

बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार म्हणतात. तिथं जायचं तर लांबूनच, आणि शक्यतो अंडी उबवायच्या दिवसांत अजिबात जवळ नाही. पक्षी एकदा उठले की कावळे आणि घारी तेवढ्या वेळात अंडी नेतात, कोवळी पिल्लं उन्हात किंवा पावसात उघडी पडतात, आणि फांद्यांवर आलेली पिल्लं घाबरून खाली उड्या टाकतात, खाली पडलेल्याला आईबाप चारा देत नाहीत. झाडाखाली उभं राहायचं नाही, टाळ्या, फटाके, ड्रोन काही नाही. घरट्यांच्या नेमक्या जागेचा पत्ता फोटोखाली सगळ्यांसाठी टाकू नका. वास आणि घाण याची तक्रार करत झाडं तोडायला निघालेले लोक दिसले तर निदान पिल्लं उडेपर्यंत थांबा म्हणून सांगा आणि वनखात्याला कळवा.

चरणाऱ्या पक्ष्यासाठी नियम सोपा. तो मान वाकवून काम करतोय तोवर ठीक. मान सरळ उंच करून तुमच्याकडे बघायला लागला की तुम्ही फार जवळ आलात, तिथंच थांबा, खाली बसा, तो परत कामाला लागला नाही तर दोन पावलं मागे जा. जगभराचा विचार केला तर हा पक्षी धोक्यात नाही, पण ज्या पाणथळी बुजवून टाकतात तिथून तो जातोच.

काय लिहून ठेवायचं

वही असो की ईबर्डसारखं ॲप, नुसता आकडा टाकू नका. चोचीचा रंग, डोळ्याजवळच्या कातडीचा रंग, पायाच्या वरच्या भागाचा रंग, पाठीवर लांब पिसं आहेत की नाहीत, पाणी त्याच्या पायाला कुठपर्यंत होतं, काय खाल्लं, हे लिहा. वर्षभर एकाच जागी असं लिहिलंत तर तुमच्या भागात वीण नेमकी कधी सुरू होते ते तुमच्याच नोंदीतून दिसायला लागेल. संध्याकाळी ते कुठल्या दिशेला उडत जातात तेही लिहा, दोन-तीन ठिकाणांहून दिशा मिळाल्या की रातथाऱ्याचं झाड सापडतं.

पायात रंगीत कडं दिसलं तर फार महत्त्वाचं. कुठला पाय, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, कड्याचा रंग, अक्षरं कुठल्या रंगात आणि वरून खाली की खालून वर वाचायची, हे सगळं टिपा आणि त्या देशातल्या रिंगिंग करणाऱ्या, म्हणजे पक्ष्यांना अशी कडी घालणाऱ्या संस्थेला पाठवा. अशाच कड्यांमुळे अमेरिकेतला एक मोठा बगळा २२ वर्षांहून जास्त जगल्याचं कळलं. पक्षी पाण्यात असेल तर खालचं कडं दिसत नाही, त्यामुळे एक कडं वाचलं म्हणून उठू नका, तो काठावर येऊन पिसं साफ करायला लागेपर्यंत थांबा आणि दोन्ही पायांचे फोटो घ्या.